दहाव्या वाफ्याचं पाणी

कामथडीच्या शिवारात गेनबाच्या विहिरीला लागून अर्ध्या एकराचा एक तुकडा आहे. दोन हजार दोन सालच्या दिवाळीआधी त्यात हरभरा पेरला गेला, तो खाटेएवढ्या बारा वाफ्यांत. वाफे दोरी धरून आखलेले, दोन वाफ्यांच्या मधे वावभर रान मोकळं सोडलेलं, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी खुंटीवर पांढऱ्या रंगात आकडा. एक, तीन, पाच अशा विषम आकड्यांचे सहा वाफे वेळच्या वेळी भिजवायचे. दोन, चार, सहा असे सम आकड्यांचे सहा वाफे पेरणीच्या ओलीवर सोडून द्यायचे, त्यांना पुढे थेंबसुद्धा द्यायचा नाही.

हे ऐकलं तेव्हा गेनबाची बायको सगुणाबाई हसली होती. तिला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

पोरगी म्हणजे भोरच्या नजीरभाईची नुजहत. नजीरभाईचा टेम्पो. गेनबाचे टोमॅटो आणि गवार गेली दहा वर्षं त्याच टेम्पोतून पुण्याला जायची, त्यामुळे दोन्ही घरांत येणंजाणं होतं. नुजहत पुण्याच्या शेती कॉलेजात शिकत शिकत आता डॉक्टर होण्यापर्यंत पोचली होती. "पर सुईचा डॉक्टर न्हाई बरं का," गेनबा गावात सांगायचा, "झाडाचा." झाड तहानेलं की त्याच्या फुलण्यावर काय परिणाम होतो, हे तिला शोधायचं होतं. कॉलेजच्या रानात कालव्याचं पाणी झिरपायचं, तिथे झाडांना धड तहानच लागत नव्हती. गेनबाच्या या तुकड्याला मात्र विहीर सोडली तर कुठूनच ओल नव्हती.

बुधवारी आणि शनिवारी नुजहत भोर-पुणे एसटीने फाट्यावर उतरायची. वाफ्यावाफ्यातून पानांचे कोवळे तुकडे खुडायची, सुक्या बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात घालायची आणि पुढच्या गाडीने पुण्याला घेऊन जायची. बाकीचे दिवस राखण सगुणाबाईची. गुरं शिरू द्यायची नाहीत. भाजीसाठी शेंडे खुडायचे नाहीत. पहाटे धडपं पसरून पानांवरच्या आंबट दवाची आंब गोळा करायची नाही. आणि ज्या वाफ्यात पहिलं फूल दिसेल, त्याच्यासाठी घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट टेकवायचं आणि शेजारी खुंटीचा आकडा काढायचा. सगुणाबाईला अक्षर येत नव्हतं, पण आकडे ओळखता आणि काढता येत होते. तिने सगळ्याला मान डोलावली.

"पर एक सांग," ती म्हणाली, "पाणी तोडून तुला काय कळनार?"

नुजहत बांधावर बसली. तिची समजावून सांगायची एक रीत होती, आधी चप्पल काढून पाय मातीत घालायचे आणि मग बोलायचं.

"मावशी, फुलायचं कधी हे झाडाच्या आत लिहिलेलं असतं. त्याला जनुक म्हणतात. एक नाही, पुष्कळ जनुकं असतात. त्यातला एखादा म्हणतो, थांब, अजून वाढ, घाई नको. दुसरा म्हणतो, चल, फूल. दोघांची ओढाताण चालू असते. थंडी, ऊन, दिवसाची लांबी, पाणी, या सगळ्यावर ठरतं कोण जिंकणार ते. माझा अंदाज असा आहे, की हरभरा तहानेला की थांब म्हणणाऱ्याचा आवाज बसतो. झाड लवकर फुलतं. तो आवाज किती आहे, ते मी या पानांतून मोजते."

"जानकू," सगुणाबाई म्हणाली.

"जनुक."

"आमच्या चुलत सासऱ्याचं नाव जानकू हुतं. त्यो बी असाच, सारखा थांब थांब करायचा. बैलगाडी जुपून तयार, आन ह्यो म्हननार थांबा, मला तंबाखू घेऊ द्या."

नुजहत हसली आणि तेव्हापासून त्या दोघींत त्या थांब म्हणणाऱ्या जनुकाचं नाव जानकू पडलं. बुधवारी आल्या आल्या सगुणाबाई विचारायची, "काय म्हनतोय जानकू?" आणि नुजहत सांगायची, "अजून बोलतोय, मावशी."

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग सम आकड्यांचे वाफे दुपारचे माना टाकायला लागले.

सगुणाबाई जन्माने कामथडीची नव्हे. तिचं माहेर पुरंदरच्या पूर्वेकडचं, कमी पावसाचं. बहात्तरच्या दुष्काळात ती तेरा वर्षांची होती. बाप आणि आई सडकेच्या कामावर खडी फोडायची, आणि दुपारी मिळणारी सुकडी घरी बांधून आणायची. त्याच साली बापाने तिला आणि तिची धाकटी बहीण रतन हिला एकाच मांडवात उजवून टाकलं. रतन अकराची. घरात खाणारी तोंडं दोनने कमी झाली. सगुणाबाईला सासर चांगलं मिळालं, नवरा शांत मिळाला, तिला कुणाविषयी तक्रार नव्हती. पण नुजहतचं बोलणं ऐकल्यापासून एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. पाणी तोडलं की लवकर फुलतं. म्हणजे आपल्याला जे झालं, तेच ही पोरगी मुद्दाम हरभऱ्याला करतेय.

बनाबाईची म्हैस व्याली त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. बनाबाई शेजारच्या वस्तीवरची. सगुणाबाई तिथे चिकाचं दूध आणायला गेली होती. येताना विहिरीवर कळशी भरून घेतली. वाट आठ नंबरच्या वाफ्याच्या कडेने जात होती. वाफ्यातली रोपटी अशी मलूल पडली होती, की तिला पुढे जाववेना. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग एकेका रोपाच्या बुडाशी ओंजळीने पाणी सोडलं आणि वरून कोरडी माती ओढली. कळशी संपली, तशी दुसरी आणली. आपण चोरी करतोय असं तिला वाटलंच नाही. वाटलं ते असं, की आपण पाहुण्याला पाणी विचारलं.

दुसऱ्यांदा गेनबाची मोटर जळाली तेव्हा. मोटर नसरापूरला गुंडाळायला गेली, आणि विषम वाफ्यांना पाणी मात्र चुकवायचं नव्हतं. दोघं नवराबायको दोरीने पाणी शेंदून कळश्या वाहत होती. पाटाने पाणी गेलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. पण भरली कळशी काखेत घेऊन दहा नंबरच्या तहानेल्या वाफ्यावरून नऊ आणि अकराला जायचं, हे तिच्याने होईना. गेनबा विहिरीवर पाठमोरा असताना दोन कळश्या दहाला गेल्या.

तिसऱ्यांदा शाळेची सहल राजगडाला निघाली त्या सकाळी. पोरांच्या एसटीला हात करायला सगळी फाट्यावर गेली होती, रानात चिटपाखरू नव्हतं. बारा नंबरला दोन कळश्या.

नुजहतने एकदा मातीचा नमुना चिमटीत धरून कपाळाला आठी घातली होती. "इथे जरा ओल कशी?" सगुणाबाई बांधावरचं गवत उपटत राहिली. "जमीन वरखाली असेल," नुजहतने स्वतःलाच उत्तर दिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग फुलं आली. हरभऱ्याचं फूल ते केवढंसं, जांभळट गुलाबी, पानाआड लपलेलं, पण सगुणाबाईची नजर तयार होती. दोन, चार आणि सहा नंबरला सर्वांच्या आधी फूल लागलं, मागोमाग आठ नंबरला आणि बाराला. विषम वाफ्यांना त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी. कॅलेंडरवर कुंकवाची बोटं उमटत गेली. दहा नंबर मात्र कोरड्या वाफ्यांबरोबर फुललाच नाही. तो भिजणाऱ्या वाफ्यांच्या बरोबरीने, सावकाश, शेवटी फुलला. आणि बारा नंबर वेळेत फुलला खरा, पण त्याची फुलं थांबेचनात. दोन, चार, सहाचा बहर ओसरला तरी तो आपला रोज नवं फूल काढत होता.

शनिवारी नुजहत आली, खुंट्या पाहिल्या, कॅलेंडर पाहिलं आणि बांधावर बसली. या खेपेस चप्पल काढली नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही, मावशी. माझंच काहीतरी चुकलंय. सहा वाफे, एक बियाणं, एक पेरणी, एकसारखी तहान. पाच एका वाटेने जातात आणि एक उलटं. त्या पाचांतलेही दोन धड नाहीत. कॉलेजातल्या माझ्या मॅडम विचारतात, खुंट्या तर अदलाबदल केल्या नाहीत ना? दोन वर्षं मी जे धरून चालले, ते खोटं असेल. किंवा मला साधे बारा वाफे सांभाळता आले नाहीत."

ती रडली नाही. रडली असती तर सगुणाबाईला सोपं गेलं असतं, पदराने डोळे पुसता आले असते. ती नुसती वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत बसली.

सगुणाबाई घरी गेली आणि गेनबाला सगळं सांगून मोकळी झाली. गेनबा चिलीम झाडत होता.

"आता सांगून काय हुनार?" तो म्हणाला. "झालं ते झालं. गप ऱ्हा. हरबरा आपल्याच घरात यायचा हाय."

"तुमाला हरबऱ्याचं पडलंय."

"मला तुजं पडलंय. नजीरभाईला काय तोंड दावू? दहा वर्सं त्यो आपला माल नेतोय, एक टोमॅटो कदी नासवला न्हाई. आन आपुन त्येच्या लेकीचं शिक्शान नासवलं."

हे वाक्य सगुणाबाईला कळशीइतकंच जड झालं. ती तशीच उठली आणि फाट्याकडे चालू लागली. नुजहत एसटीची वाट पाहत उभी होती, डबा पायाशी. लांबून गाडी दिसायला लागली होती.

"नुजत," सगुणाबाई म्हणाली. तिच्या तोंडी नावातला मधला ह कधीच नसायचा. "पाणी म्या घातलं."

नुजहतला आधी कळलं नाही. एसटी आली, दार उघडलं, कंडक्टरने विचारलं, कुणीच हललं नाही, तेव्हा तो बेल मारून निघून गेला.

"कुठल्या वाफ्यांना?"

"आठ, दहा आन बारा."

"किती?"

"दोन दोन कळश्या. एकदाच, हरएकाला."

"का, मावशी?"

सगुणाबाईने बहात्तर साल सांगितलं. मांडव सांगितला, रतन सांगितली. लांबवून सांगायचं नव्हतं, पण पुढची एसटी यायला अर्धा तास लागला आणि तेवढ्यात सगळं सांगून झालं.  गाडी आली तशी नुजहत डबा उचलून चढली. खिडकीतून तिने हात केला नाही.

तो शनिवार सगुणाबाईने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. भाकरी करपली, गेनबाने मुकाट्याने खाल्ली. तिला बोलणी बसली असती तर तिने खाल्ली असती. पण पोरीने शब्द काढला नव्हता. आता ती बुधवारी येणार नाही, खुंट्या तेवढ्या राहतील, असं तिच्या मनाने घेतलं.

रविवारी दुपारी बांधाच्या वाटेला नजीरभाईचा टेम्पो उभा राहिला. सगुणाबाईने पदर सारखा केला. नजीरभाई खाली उतरला, पण तो गेनबाशी हसत बोलत होता, आणि नुजहत धावतच वाफ्यांकडून येत होती.

"मावशी, कोणत्या दिवशी घातलंत? तारीख सांगा."

"रागवली न्हाईस?"

"काल फार रागावले होते. रात्रभर होते. सकाळी पानांचे आकडे पुन्हा काढून बसले. दहा नंबरच्या पानांत जानकूचा आवाज बसत चालला होता, दर खेपेला थोडा थोडा. आणि मग मधेच एके दिवशी तो परत चढलाय. मला वाटत होतं डबा गरम झाला असेल, नमुना बिघडला असेल. तो बिघडला नव्हता. तुमची कळशी होती ती. आता मला दिवस पक्का हवा. अंदाज चालणार नाही."

त्या दिवसांना काही सगुणाबाईने कॅलेंडरवर बोट टेकवलं नव्हतं. तिने दिवस सांगितले ते असे: बनाबाईची म्हैस, गेनबाची मोटर, शाळेची सहल. मग त्या दुपारी चौघंजण कामथडीत तारखा गोळा करत हिंडली.

बनाबाई गोठ्यात होती. "म्हस कदी याली? त्रिपुरीच्या आदल्या दिशी. तवाच सगुणा चीक घिऊन गेली न्हाई का. पर ह्या पोरीला माझ्या म्हशीचं काय करायचंय?"

सगुणाबाईला सांगावं लागलं. बनाबाईने तोंडाला पदर लावला. "म्हंजे माझ्या चिकाचं दूध निमित्त झालं म्हन की." घटकाभरात ती आणखी दोघी-तिघींना सांगून आली.

मोटरीची पावती गेनबाच्या ट्रंकेत सापडली, दुकानदाराचा शिक्का आणि तारीख स्वच्छ. शाळेच्या गुरुजींनी सहलीची वही काढली आणि चष्मा वर करून विचारलं, "सहलीचा आणि हरभऱ्याचा काय संबंध?" तोवर मागे सात-आठ माणसं जमली होती. सगुणाबाईने गावाच्या साक्षीने चौथ्यांदा कबुली दिली. पहिल्या खेपेस तिची मान खाली होती. चौथ्या खेपेस ती जरा रंगवून सांगू लागली होती, आणि ओंजळीने पाणी कसं सोडलं तेही करून दाखवलं.

नुजहतने तिन्ही तारखा वहीत लिहिल्या, पेरणीपासूनचे दिवस मोजले आणि देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"आठ नंबरला पाणी मिळालं ते फार लवकर. झाडाने अजून ठरवलंच नव्हतं. ते पाणी सरलं, पुन्हा तहान लागली, झाड जवळजवळ बाकीच्यांसारखंच फुललं. बारा नंबरला मिळालं ते उशिरा. तोवर फुलायचं ठरून गेलं होतं. फुलं जास्त आली, लांबली, पण तारीख हलली नाही. दहा नंबरला मात्र नेमकं मधे मिळालं. झाड ठरवतच होतं, तेव्हा. जानकू परत बोलायला लागला आणि झाड थांबलं. तहानेलं झाड माघारी फिरू शकतं, पण थोडेच दिवस. ते दिवस कोणते, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी असा प्रयोग मांडलाच नव्हता."

"मंग म्या मांडला," सगुणाबाई म्हणाली.

"तुम्ही मांडलात."

नजीरभाई म्हणाला, "मग डॉक्टर कोण होणार, ही का तुमी?" आणि पायरीवर हशा पिकला.

पुण्याच्या मॅडम संक्रांतीनंतर स्वतः रान पाहायला आल्या. उंच, पांढऱ्या केसांची बाई, बोलायला मोजकी. गेनबाने आगटी पेटवून ओले घाटे भाजले आणि राखेतून वेचून त्यांच्या पुढ्यात ठेवले. मॅडमनी बोटं काळी करून घेत ढीगभर खाल्ले. मग हात पुसून म्हणाल्या, एका रानातला एका हिवाळ्यातला एकेक वाफा, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. पुढच्या साली हे मुद्दाम करायचं. तीसेक वाफे, प्रत्येक कळशी मापून, दिवस ठरवून. आणि पाणी घालायला हात सराईत हवेत.

"ह्यांच्याइतके सराईत कुणाचे मिळणार?" नुजहत म्हणाली.

सगुणाबाईने लगेच होकार दिला नाही. ती उठून दोन नंबरच्या वाफ्यात गेली, ज्याला अखेरपर्यंत कुणी पाणी दिलं नव्हतं. झाडं वीतभरच वाढली होती. तिने एक उपटून आणलं आणि मॅडमच्या समोर घाटे सोलायला बसली. एक, दोन, पाच, अकरा. घाटे थोडे होते, दाणेही बारके, पण पोचट एकही निघाला नाही.

"घाई झाली तरी भरल्यात," ती म्हणाली.

"भरतातच," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठीच तर घाई करतात. स्वतः वाळायच्या आत."

सगुणाबाईने ते दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चघळले. मग म्हणाली, "पाणी घालायचं काम म्या करीन. पर माझी एक अट हाय. ज्यास्नी पाणी द्यायचंच न्हाई, त्ये वाफं मला बघवायचं न्हाईत. माझं पाणी घालायचं दिस सरलं की म्या जाईन रतनकडं, विंझरला. राखन आमचं मालक करतील. त्येंच्या हातनं आपनहून कुनाला पाणी पाजलं जायाचं न्हाई, त्येची काळजी करू नगा."

गेनबाने चिलमीतून मान वर करून खुंट्यांकडे पाहिलं.

आणि पुढच्या हिवाळ्यात तसंच झालं. नेमून दिलेल्या दिवशी, नेमून दिलेल्या वाफ्यांना, मापाच्या कळशीने सगुणाबाईने पाणी घातलं, आणि अखेरची कळशी पालथी करून वेल्ह्याची एसटी धरली. लग्न झाल्यापासून दोघी बहिणी सलग इतके दिवस कधी एकत्र राहिल्या नव्हत्या. विंझरला रतनच्या अंगणात बसून त्यांनी शेंगा फोडल्या, गोधडी शिवली, एकमेकींच्या केसांना तेल लावलं आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला करून इतक्या हसल्या, की रतनची सून दोनदा बाहेर येऊन पाहून गेली. वाणसामानाच्या दुकानात फोन होता. एक दिवसाआड नुजहत तिथे फोन करायची आणि दुकानदार ओरडून सगुणाबाईला बोलवायचा.

दहाव्या दिवशी फोनवर नुजहतचा आवाज चढलेला होता. मधल्या दिवसांत पाणी मिळालेले पाचही वाफे थांबलेत, मावशी. पाचही. बाकीच्यांना फुलं लागली. तुम्ही कधी येताय?

"येते की," सगुणाबाई म्हणाली. "पर गोधडी अर्धी व्हायची ऱ्हायलीय. परवाच्या गाडीनं येते."

तिने फोन ठेवला, दुकानातून सुईदोरा घेतला आणि रतन वाट पाहत होती तिकडे चालू लागली.